अ‍ॅडेलचा '३०' हाच तिचा सर्वोत्तम अल्बम. '२१'वाल्यांनो, या!

रातकिडा
या ब्रिटिश गायिकेचा '२१' (२०११) ऐकून आपण सगळेच रडलो, मान्य. त्यातलं 'समवन लाइक यू' न म्हणता त्या वर्षी एकही गॅदरिंग पार पडलं नसेल. पण तिथे तिला कुणीतरी सोडून गेलं होतं, आणि सोडलेल्या माणसाची बाजू घ्यायला काही लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या '३०'चं गणित उलटं आहे. नवरा सायमन कोनेकी याच्यापासून वेगळं व्हायचं तिने स्वतः ठरवलं. २०१९ मध्ये ती बातमी आली तेव्हा मुलगा अँजेलो सहा वर्षांचा होता. म्हणजे घर मोडणारीही तीच आणि रडणारीही तीच. अशा बाईबद्दल आपल्याकडे चारचौघांत काय बोललं जातं ते सांगायला नको. तिने त्याच जागी उभं राहून अख्खा अल्बम केला. मुलगा मोठा झाल्यावर त्याला आपली आई कोण होती आणि तिने असं का केलं हे कळावं, म्हणून हा अल्बम असं तिने मुलाखतीत सांगितलंय.

'माय लिटिल लव्ह' हेडफोन लावून ऐका. संथ लय, आणि मध्येमध्ये मायलेकांचं खरंखुरं रेकॉर्ड केलेलं बोलणं. आई सांगते, मला सध्या खूप काय काय वाटतंय. तो विचारतो, म्हणजे कसं? तिला धड उत्तर देता येत नाही. शेवटी गाणं बाजूलाच राहतं आणि तिचा रडत ठेवलेला व्हॉइस मेसेज ऐकू येतो: वेगळी झाल्यापासून आज पहिल्यांदा एकटं वाटतंय. मी तरी पॉपमध्ये इतकं उघडं काही ऐकलेलं नाही.

फटकळ
धागा भारी, मुद्दा पटला नाही. नेमकं तेच गाणं मला ऐकवत नाही. सहा वर्षांच्या पोराने आईशी केलेलं बोलणं विकायला ठेवायचं? त्याला कुणी विचारलं? गंमत म्हणजे २०१४ मध्ये याच मुलाचे फोटो छापायला पुरवले म्हणून त्याच्या वतीने एका फोटो एजन्सीविरुद्ध दावा लावून आईबापांनी भरपाई मिळवली होती. मुलाच्या खासगीपणाची तेव्हा इतकी काळजी, आणि आता त्याचा आवाज घरोघरी. फोटोग्राफरने केलं की गुन्हा, आईने केलं की कला!

आणि पुरस्कारांचंच बघायचं तर '२१'ला एका रात्रीत सहा ग्रॅमी, '३०'च्या वाट्याला 'ईझी ऑन मी'चं एक.

रातकिडा
फटकळराव, ग्रॅमी मोजायला बसलो तर गाणी कधी ऐकायची? फोटोग्राफर झुडपाआडून फोटो काढतो, त्यात मुलाशी बोलणं नसतं. इथे आई मुलाशीच बोलतेय. दोन्ही एकाच तागडीत कसं घालता?

कुंदकळी
मी वेगळी झाले तेव्हा लेक पाच वर्षांची होती. 'बाबा कामासाठी बाहेरगावी आहेत' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी तीच पाहुण्यांना सांगायला लागली. त्यामुळे 'मला कळत नाहीये मी काय करतेय' हे मुलापाशी बोलून टाकणारी आई मला फार मोठी वाटते. पण फटकळ यांचा प्रश्नही उडवून लावण्यासारखा नाही. बोलणं वेगळं आणि ते जगाला ऐकवणं वेगळं. लेकीचं तसलं रेकॉर्डिंग असतं तर मी ते कुणालाही दिलं नसतं.

तबलजी
सगळे मुलावरच अडकलात. अहो, 'टू बी लव्ड' ऐका! टोबायस जेसो ज्युनियरबरोबर लिहिलेलं, साथीला फक्त पियानो, जवळजवळ पावणेसात मिनिटं. शेवटाकडे 'मी प्रयत्न केला होता, हे कळू दे' अशा अर्थाची ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी आवाज आणखी फाटत जातो. हिच्या स्वरतंतूंवर २०११ मध्ये शस्त्रक्रिया झालीय. २०१७ मध्ये गळ्यानेच दगा दिला म्हणून लंडनच्या वेम्बली स्टेडियममधले शेवटचे दोन कार्यक्रम रद्द करावे लागले. असा गळा असलेली गायिका इतकं ताणते ते हिशेब करूनच. सुरेल राहायचं सोडून ती दुसरंच काही मागतेय. '२१'मध्ये हे नव्हतं, तिथे प्रत्येक जागा घोटून बसवलेली.

फटकळ
तबलजी, त्या गाण्यापुरता सलाम. पण म्हणून अल्बम सर्वोत्तम? पॉप हिट बनवणाऱ्या निर्माता मॅक्स मार्टिनबरोबरचं 'कॅन आय गेट इट' घ्या. शिट्ट्या काय, गिटार काय! सुतकात कुणीतरी डीजे लावल्यासारखं वाटतं. पुढे 'वुमन लाइक मी'मध्ये ती समोरच्या पुरुषाला चक्क आळशी म्हणते. तेव्हा 'मुलासाठी लिहिलेला अल्बम' वगैरे सगळ्या बारा गाण्यांना लागू होत नाही.

रातकिडा
न होवो! वेगळं झालेली बाई दिवसभर मुलाकडे बघून उसासेच टाकत बसते का? ती पुन्हा कुणाला तरी भेटते, चिडते, फसते. तो वेडावाकडा काळ क्रमाने ऐकावा म्हणूनच तर तिने स्पॉटिफायला सांगितलं आणि त्यांनी अल्बमच्या पानावरून गाणी उलटसुलट लावणारं शफलचं बटण पुढून काढलं. सुरुवात 'स्ट्रेंजर्स बाय नेचर'च्या जुन्या हॉलिवूडी व्हायोलिनांनी आणि शेवट 'लव्ह इज अ गेम'ने. मधलं एक गाणं उचललंत तर हाताला काहीच लागणार नाही.

तबलजी
क्रमाबद्दल सहमत. 'होल्ड ऑन'मधला कोरस तिच्या मित्रमैत्रिणींनी गायलाय. आधीची गाणी ऐकून तिथे पोचलात तरच तो आधार वाटतो, सुटा ऐकला तर नुसती प्रार्थना.

फटकळ
ठीक आहे, आज रात्री पहिल्यापासून क्रमाने ऐकतो. 'कॅन आय गेट इट' मात्र ओलांडणार. शफल काढलं असलं तरी पुढे ढकलायचं बटण अजून तिथेच आहे.