प्रतिसाद : उभे असलेले घर मोजायचे नाही
यंत्रमानव हाताशी आला की मुले स्वतः मोजणेच सोडतील, ही चर्चेत व्यक्त झालेली शंका उत्तरे बोलून दाखवणाऱ्या यंत्रांबाबत मला रास्त वाटते. मात्र बी-बॉटसारख्या जमिनीवर चालणाऱ्या खेळण्याला ती लागू होत नाही, कारण ते उत्तर सांगत नाही, बटण जितक्या वेळा दाबले तितकी पावले, प्रत्येकी १५ सेंटिमीटरची, पुढे सरकते. (कल्पना जुनीच आहे, १९६७ च्या लोगो या संगणकीय भाषेला जोडलेला ‘कासव’ नावाचा यंत्रमानवही असाच आज्ञेबरहुकूम चाले.)

इंदूरच्या आमच्या घरी ओसरीत खडूने ० ते १० घरांची पट्टी आखली. पहिलीतल्या नातीने ते खेळणे ३ वर ठेवून चार वेळा बटण दाबले आणि ६ वर थांबेल असे ठामपणे सांगितले. थांबले ७ वर. “आजोबा, हे एक घर जास्त चाललं!” अशी तिची तक्रार. ज्या घरात ते उभे होते तेच ती ‘एक’ धरीत होती, आणि सापशिडी खेळताना मी कितीदा सांगूनही ही सवय सुटली नव्हती. शाळेत ‘तैंतालीस’ आणि घरी ‘त्रेचाळीस’ ऐकणाऱ्या आमच्याकडच्या मुलांना पावले मोजताना भाषाही आड येत नाही.

वजाबाकीसाठी मागे जाण्याचे बटण दाबावे की तोंड फिरवून पुढे चालवावे, यावर मात्र आम्हा आजी-आजोबांचे अद्याप एकमत झालेले नाही.