‘शेतकऱ्याचे_नाव’ आणि प्रोग्रॅमिंग भाषेचे मानक: आपले म्हणणे कुठे मांडायचे?

तापीकाठ (रावेर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी रावेर तालुक्यातील एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवतो. या सत्रात मुलांना केळीखरेदीची पावती तयार करणारा छोटा प्रोग्रॅम पायथन या भाषेत करायला दिला आणि व्हेरिएबलची, म्हणजे माहिती साठवण्याच्या जागांची, नावे मराठीत ठेवायला सांगितली. त्यामुळे घड, भाव, मृगबाग_वजन, कांदेबाग_वजन, शेतकऱ्याचे_नाव अशी नावे आली. शेजारी बसलेल्या दोन मुलांनी शेतकऱ्याच्या नावाची तीच ओळ लिहिली. एकाची चालली आणि दुसऱ्याची ‘न दिसणारे अक्षर चालणार नाही’ अशा अर्थाची चूक दाखवून थांबली. पडद्यावर दोन्ही ओळींत काडीचाही फरक नव्हता.

अर्धा तास शोधल्यावर कळले की पहिल्याच्या कीबोर्डने ‘ऱ्या’ लिहिताना स्वतंत्र ‘ऱ’ वापरला होता, तर दुसऱ्याच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे अक्षर, घातला होता. या दोन्ही पद्धती युनिकोडला, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाला, मान्य आहेत. असे असताना भाषेने एक स्वीकारावी आणि दुसरी नाकारावी, हे नेमके कोण ठरवते? आणि रावेरमध्ये बसलेल्या माणसाला तिथे काही म्हणता येते का, की हे सारे मोठ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींपुरतेच आहे?

जुना कंपायलर (धुळे) यांचे उत्तर

सर, ठरवणारे प्रत्येक भाषेत वेगळे आहेत, म्हणून दारेही वेगळी आहेत.

पायथनला आयएसओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे, मानक नाही. तिथे बदल ‘पेप’ नावाच्या लेखी प्रस्तावातून होतात. मराठी नावांना वाट करून देणारा प्रस्ताव पेप ३१३१ होता आणि तो २००८ च्या पायथन ३.० पासून लागू झाला. प्रस्ताव कोणीही लिहू शकतो, मात्र लेखकांमध्ये मुख्य विकासकांपैकी कोणी नसेल तर त्यांच्यातला एक जण पुरस्कर्ता म्हणून मिळवावा लागतो. पूर्वी अखेरचा शब्द भाषेचे जनक खिदो व्हान रॉसम यांचा असे. २०१८ मध्ये पेप ५७२ वर झालेल्या कडाक्याच्या वादानंतर त्यांनी ती जबाबदारी सोडली आणि २०१९ पासून निवडून आलेले पाच जणांचे मंडळ निर्णय घेते.

सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेचे मानक १९९८ मध्ये प्रथम आले, आणि ते आयएसओचे आहे. तिथे मत देशाचे असते आणि ते राष्ट्रीय मानक संस्थेमार्फत जाते. आपल्यासाठी ती संस्था म्हणजे भारतीय मानक ब्यूरो. मात्र मताचा अधिकार आणि म्हणणे मांडण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीपुढचे प्रस्ताव आणि मानकाचा चालू मसुदा घरबसल्या फुकट वाचता येतो, प्रस्तावही धाडता येतो, फक्त बैठकीत तो मांडणारा माणूस लागतो. आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे: सी प्लस प्लस ११ या २०११ च्या आवृत्तीच्या नियमांत हा जोडक नावामध्ये चालत असे, पण सी प्लस प्लस २३ मध्ये नावांत कोणती अक्षरे चालावीत हे सांगणारी युनिकोडच्या परिशिष्ट ३१ मधील अक्षरयादी स्वीकारल्यावर तो बाहेर गेला.

सातपुडा (चोपडा) यांचे उत्तर

मी थोडे विरुद्ध बोलतो, राग मानू नये. चूक भाषेची नाही, कीबोर्डची आहे. प्रोग्रॅममध्ये न दिसणारी अक्षरे येऊ देणे म्हणजे धान्यात खडे मिसळू देणे. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे प्रत्यक्षात वेगळी असली की त्याचा गैरफायदा घेणारेही निघतात. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये याच कामासाठी आहे आणि इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर ते सहज टंकता येते, तर मुलांना तेच शिकवावे.

वेबपानांच्या जावास्क्रिप्ट या भाषेने उलट केले आहे. तिथे हा जोडक नावात चालतो. परिणाम पाहा: अघोषित नाव नाकारणारी काटेकोर पद्धत न लावलेल्या प्रोग्रॅममध्ये वर एका पद्धतीने शेतकऱ्याचे_नाव रिकामे ठेवून घोषित केले आणि खाली दुसऱ्या पद्धतीने त्यात नाव भरले, तर चूक दाखवलीच जात नाही. मुकाट्याने दुसरे व्हेरिएबल तयार होते आणि पावतीवर शेतकऱ्याची जागा कोरी राहते. त्यापेक्षा पायथनचे तोंडावर नाही म्हणणे बरे.

केळीबाग (यावल) यांचे उत्तर

सातपुडादादांचा धोक्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण ‘कीबोर्डची चूक’ इथे विषय संपत नाही. र, हलन्त आणि जोडक हा क्रम युनिकोडने जुन्या आवृत्त्यांशी सुसंगती म्हणून स्वतः राखला आहे. शिवाय नावे जुळवताना पायथन जे सामान्यीकरण करतो, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एका रूपात आणतो, त्यात र आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) मिळून ‘ऱ’ होतो, पण र, हलन्त व जोडक यांचा मात्र ‘ऱ’ होत नाही. म्हणजे मराठी वाचकाला जे एकच अक्षर आहे, ते यंत्राला दोन आहेत. हे समितीला ‘मराठीवर अन्याय होतो’ अशा शब्दांत सांगून काही हाती लागणार नाही. मी काही वर्षे रस्ट आणि जावास्क्रिप्ट या भाषांच्या चर्चा वाचत आलो आहे. ‘मला हे आवडत नाही’ असे लिहिणारे तिथे पायलीला पन्नास असतात. ‘माझ्याकडे हे असे मोडले, हा घ्या नऊ ओळींचा नमुना’ असे लिहिणारा मात्र क्वचित दिसतो, आणि समिती थांबते ती त्याच्यापाशी.

२०१८ चे उदाहरण घ्या. जावास्क्रिप्टमध्ये यादीच्या आतल्या याद्या सपाट करणारी ‘फ्लॅटन’ नावाची नवी सोय ठरत आली होती. फायरफॉक्स या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत ती येताच मूटूल्स हे तयार कोडचे जुने ग्रंथालय वापरणारे एक संकेतस्थळ मोडल्याची तक्रार आली. कोणीतरी गमतीने ‘स्मूश’ हे नाव सुचवले, त्यावर रण माजले, आणि शेवटी नाव ‘फ्लॅट’ असे बदलले गेले. मोडलेल्या एका पानाची ती नोंद होती, तरी तिने साऱ्या जगाच्या वापरातील शब्द बदलला.

तापीकाठ सर, आपल्या वर्गातही तसेच काहीतरी मोडले आहे. जावास्क्रिप्टची समिती टीसी३९ हिचा प्रस्ताव सदस्य-प्रतिनिधीनेच पुढे न्यावा लागतो हे खरे, पण टेस्ट२६२ हा तिचा चाचणीसंच बाहेरच्यांच्या योगदानाला खुला आहे. सदस्य नसलेल्याला त्यासाठी करारपत्रावर सही करावी लागते, इतकेच. नियमात एखादी सोय अखेरच्या टप्प्यावर पोहोचायची तर या संचाच्या चाचण्या उत्तीर्ण करणारी दोन स्वतंत्र इंजिने (जावास्क्रिप्ट चालवणारे प्रोग्रॅम) लागतात, म्हणजे चाचणी लिहिणाऱ्याचा हात मानकापर्यंत पोहोचतो. पायथनकडे मात्र मी नियम बदलण्याची मागणी नेणार नाही. तिथे चुकीच्या संदेशाबद्दलच नोंद करावी: आज तो अक्षराचा क्रमांक सांगतो, पण ते ओळीत नेमके कुठल्या दोन अक्षरांच्या मध्ये दडले आहे हे नवख्या मुलाला त्यातून उमगत नाही.

तापीकाठ (रावेर)

सर्वांचे आभार. सातपुडादादा, मुलांना इनस्क्रिप्ट शिकवायला हरकत नाही, पण ही मुले मोबाईलवरच्या उच्चारानुसारी कीबोर्डवर वाढली आहेत आणि तोच कीबोर्ड ती संगणकावरही शोधतात. त्यामुळे जोडक वर्गात येतच राहणार.

काल सायंकाळी आम्ही पाच कीबोर्ड घेऊन बसलो आणि ‘शेतकऱ्याचे’, ‘व्यापाऱ्याला’, ‘दुसऱ्या’ व ‘वाऱ्यावर’ हे शब्द प्रत्येकावर लिहून त्यांतील अक्षरांचे क्रमांक एका तक्त्यात मांडले. दोन कीबोर्ड जोडक घालतात, तीन ‘ऱ’ देतात. एका मुलीने विचारले की अहिराणी लिहितानाही हेच कीबोर्ड वापरतात, मग तिच्या आजीचे शब्द का तपासू नयेत, म्हणून तोही एक रकाना वाढवला आहे. तक्ता इंग्रजी मजकुरासह तयार झाला की केळीबाग यांनी सुचवल्याप्रमाणे आधी पायथनच्या संदेशाबद्दलची नोंद करू. नमुना नऊ ओळींचा जमला नाही, चार ओळींतच काम झाले.