टॅलो, लार्ड आणि आपली ‘चरबी’

धागाकर्ता विचारतो: बेकिंगवरच्या एका लेखाचं भाषांतर करतो आहे. घरच्या स्वयंपाकात प्राण्यांची चरबी पुन्हा कशी वापरली जाऊ लागली, असा विषय. मूळ लेखात टॅलो, लार्ड, सूएट (तिन्ही प्राण्यांच्या चरबीचे प्रकार) आणि शॉर्टनिंग (पिठात घालायचा स्निग्ध पदार्थ) असे चार शब्द आहेत. पहिल्या खर्ड्यात चौघांनाही ‘चरबी’ केलं आणि ‘चरबी मंद आचेवर ठेवून तिची चरबी काढावी’ असं वाक्य जन्माला आलं. कोशात ‘वसा’ मिळाला. चालेल का?

उत्तर: वसा नको

संस्कृतात शब्द अगदी बरोबर आहे. चरकसंहितेत घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत, आणि हिंदीत ‘वसा’ आजही सर्रास चालतो. पण मराठी कानाला वसा म्हणजे व्रत. ‘पाव वाटी वसा घ्यावा’ वाचलं की पुढे ‘उतू नये, मातू नये’ असंच मनात येणार. ‘मेद’ही नको. तो पोटावर शोभतो किंवा ‘संपृक्त मेदाम्ले’ (सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड्स) यांसारख्या शास्त्रीय शब्दांत.

खरी अडचण क्रियापदाची

‘चरबी’ फारसीतून आली, ‘चर्ब’ म्हणजे स्निग्ध, तेलकट. मराठीत ती अंगावरची कच्चीही असते आणि वितळवून गाळलेलीही. शिवाय एखाद्याच्या ‘अंगात चरबी आली’ की तो माज. एवढी कामं एकाच शब्दाकडे असल्यामुळे तुमचं वाक्य फसलं. इंग्रजीत कच्ची ती सूएट (गाईगुरांच्या किंवा मेंढीच्या गुर्द्याभोवतीची टणक चरबी), आणि तीच वितळवून गाळली की टॅलो. लार्ड डुकराची, तीही गाळलेली.

मराठीत नाम नसलं तरी क्रियापद तयार आहे: कढवणे. लोणी कढवलं की पाणी उडून जातं, बेरी तळाशी बसते आणि वर तूप राहतं. चरबीचंही तेच होतं. पाणी उडतं, पेशीजालाचे तुकडे तळले जाऊन कुरकुरीत होतात, गाळल्यावर स्वच्छ स्निग्धांश उरतो. म्हणून ‘कढवलेली चरबी’. ‘वितळवलेली’ म्हटलं तर फक्त पातळ केली असं वाटेल.

मात्र पाककृतीत कोणत्या प्राण्याची, ते दरवेळी लिहाच. टॅलो आणि लार्ड हे शब्द ठेवा, पण पहिल्या उल्लेखात उलगडून सांगा. धर्म, पथ्य किंवा आवड यांमुळे ज्याला एक चालते पण दुसरी नाही, त्याच्यासाठी हा शैलीचा प्रश्न नाही. शिवाय एक डोळा मुद्रितावर ठेवा, ‘लार्ड’चा ‘लॉर्ड’ व्हायला वेळ लागत नाही.

तूपही प्राणिजच

‘प्राणिजन्य स्निग्ध पदार्थ’ असं लिहिलंत तर त्यात लोणी आणि तूपही येतात, हे ध्यानात असू द्या. मराठी माणूस तुपाला चरबी म्हणणार नाही. लेखात तुपाचाही समावेश असेल तर हा लांबट शब्दप्रयोग वापरा, नसेल तर सरळ ‘चरबी’.

शॉर्टनिंग म्हणजे मोहन, पण नेहमी नाही

पिठात चोळलेलं तूप किंवा तेल म्हणजे मोहन, आणि शॉर्टनिंगचं मूळ कामही तेच. स्निग्धांश पिठाच्या कणांना वेढतो, ग्लूटेनचे (पिठातल्या चिवट प्रथिनाचे) धागे लांब होत नाहीत, म्हणून ‘शॉर्ट’. आपण परिणामाला ‘खुसखुशीत’ म्हणतो. पण आज शॉर्टनिंग म्हणजे बहुधा डब्यातला पांढरा वनस्पतिजन्य गोळा. 1911 साली क्रिस्को हे अमेरिकी शॉर्टनिंग बाजारात आलं ते सरकीच्या तेलाचं हायड्रोजनीकरण करून (हायड्रोजनच्या साहाय्याने तेल घट्ट करून), लार्डची जागा घ्यायला. तेव्हा काम असेल तिथे मोहन, डबा असेल तिथे शॉर्टनिंग.

आणखी एक. थंड लार्डचे तुकडे पिठात तसेच ठेवून लाटतात, त्याला मोहन म्हणू नका. मोहन एकजीव व्हायला हवं. इथे तुकडे वेगळे राहिले तरच भट्टीत त्यांच्या जागी पोकळी होऊन पापुद्रे सुटतात. खुसखुशीत आणि पापुद्रेदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषांतरकार नेमका इथेच घसरतो.

(जाता जाता: लोण्याऐवजी वापरलं जाणारं, आज वनस्पतिजन्य म्हणून खपणारं मार्गारिन 1869 मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा बनलं ते गाईच्या चरबीपासून.)

‘पारंपरिक’ म्हणजे ‘पौष्टिक’ नव्हे

तेलाच्या अर्धवट हायड्रोजनीकरणातून तयार होणारे कृत्रिम ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरले आणि अनेक देशांनी त्यांवर बंधनं आणली. त्यामुळे जुन्या चरबीकडे नजर वळायला मदत झाली, चवीचं आकर्षण होतंच. पण म्हणून तिला प्रकृतीचं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही. लार्डमध्ये संपृक्त मेदाम्ले सुमारे 40 टक्के, टॅलोमध्ये जवळपास निम्मी, तुपात 60 टक्क्यांच्या वर. मूळ लेखक ‘पारंपरिक’ म्हणत असेल तर ‘आरोग्यदायी’ आपल्या पदरचं घालू नका. ‘पुनरागमन’ही जपून, ज्या स्वयंपाकघरांतून ती कधी गेलीच नव्हती तिथे ती परत कुठून येणार?

धागाकर्ता

‘कढवलेली’ आणि ‘मोहन’ घेतो. सूएटसाठी ‘गुर्द्याभोवतीची कच्ची चरबी’ लांब आहे, पण एकदाच लागते. वसा टाकला. वाक्य आता असं: ‘सूएटचे बारीक तुकडे करून मंद आचेवर कढवावेत आणि गरम असतानाच फडक्यातून गाळून घ्यावं.’