जुनी गाडी, चूक समोरच्याची: ट्रायब्युनल, स्वतःचा विमा की जागेवर तोडपाणी?

स्टेपनी (धागाकर्ता)
दहा-बारा वर्षांची गाडी, बाजारात किंमत उरलेली लाख-दीड लाख. सिग्नलला उभी असताना मागून ठोकली, डिकी पार मागच्या सीटला येऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. चूक पूर्णपणे मागच्याची. आता पैसे कोणाकडून घ्यायचे?

माझं मत: एवढ्याशा किमतीसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (ट्रायब्युनलमध्ये) जाऊ नये. समोरच्याच्या विमा कंपनीला नुसतं पत्र टाकून सहसा काही हाती लागत नाही, तिला निवाडा नाहीतर लोकअदालतीतली तडजोड हवी असते. म्हणजे वकील, तारखा, सर्व्हेअरची (नुकसान मोजणाऱ्याची) साक्ष, आणि तोवर ते धूड सोसायटीच्या पार्किंगमध्ये गंजतंय. आपल्या पॉलिसीत ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) असेल तर तो क्लेम लावा, नसेल तर जागेवर रक्कम ठरवून मोकळे व्हा.

ताळेबंद
ओन डॅमेजचा सल्ला नव्या गाडीला ठीक. जुन्या गाडीत तिथेच माणूस नागवला जातो. आकडे घ्या (जीएसटी सोडून):

आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, १,४०,०००. गॅरेजचं एस्टिमेट १,१२,०००, त्यात पार्ट ८४,००० आणि मजुरी २८,०००. गाडी दहा वर्षांपुढची, म्हणून पत्र्याच्या पार्टवर घसारा ५० टक्के. प्लास्टिक आणि रबरावर तर वय न बघता ५० टक्के. काचेवर शून्य, पण या उदाहरणात काच नाही असं धरू. तर ८४,००० चे झाले ४२,०००. मजुरी धरून ७०,०००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची रक्कम) १,०००. हातात ६९,०००. उरलेले ४३,००० खिशातून, आणि चूक मात्र दुसऱ्याची!

स्टेपनी
मग टोटल लॉस मागा की, म्हणजे दुरुस्ती न करता गाडी पूर्ण गेली असं धरून आयडीव्हीच घ्यायची. खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. १,४०,००० चे ७५ टक्के म्हणजे १,०५,०००, तुमचं एस्टिमेट त्याच्या वर आहे.

ताळेबंद
पॉलिसीतलं ते वाक्य पूर्ण वाचा. दुरुस्तीचा खर्च 'पॉलिसीच्या अटींना अधीन राहून' ७५ टक्क्यांपेक्षा जास्त हवा. कंपनी या चार शब्दांवर बोट ठेवते: घसारा वजा जाता आमचा बोजा ७०,००० चा, म्हणजे आयडीव्हीच्या निम्मा, म्हणून हा रिपेअर क्लेम. गाडी जितकी जुनी तितका घसारा जास्त, आणि तितकाच टोटल लॉस लांब पळतो. या अर्थाशी भांडता येतं, स्वतःच्या कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे जाता येतं. पण गॅरेजच्या काउंटरवर हे भांडण जिंकता येत नाही.

टोटल लॉस मान्य झालाच तर पार्टवारी घसारा लागत नाही. आयडीव्हीतून वजावट आणि गाडी स्वतःकडे ठेवली तर भंगाराची किंमत, एवढंच जातं. भंगार ३५,००० धरलं तर १,०४,००० हातात. ६९,००० आणि १,०४,००० यांतला फरक त्या चार शब्दांचा.

पंचनामा
मुळात या वयाच्या किती गाड्यांना ओन डॅमेज असतो? बहुतेकांनी हप्ता वाचवायला फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा विमा, ठेवलेला असतो. त्यांना स्वतःच्या कंपनीकडून या नुकसानीचा छदामही मिळणार नाही. त्यांच्यासाठी न्यायाधिकरण हाच रस्ता आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ प्रमाणे नुसत्या मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा तिथे चालतो, कोणी जखमी असायलाच हवं असं नाही. अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही दाखल करता येतो. मुदत मात्र सहा महिने, २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू. 'बघू पुढच्या महिन्यात' करण्यात ती निघून जाते.

दावे पडतात ते पुराव्यावर. दुखापत नसेल तर पोलीस स्टेशन डायरीत एक ओळ लिहून बोळवण करतात. बेदरकार चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे एफआयआर आणि पंचनाम्याचा आग्रह धरा. गाडी हलवण्याआधी चारही कोपऱ्यांतून फोटो, त्यात दोन्ही नंबरप्लेट एका चौकटीत यायला हव्यात. समोरच्याचा नंबर वाहन पोर्टलवर टाकून विमा कंपनी कोणती आणि अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती का ते बघा. मग परवानाधारक सर्व्हेअरकडून स्वतःच्या पैशाने पाहणी अहवाल, त्यात अपघातापूर्वीचा बाजारभाव आणि भंगाराची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी. जोडीला त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या चार-पाच जाहिरातींचे तारखेसह स्क्रीनशॉट. सर्व्हिसची बिलं, नव्या टायरची पावती, टोइंगची पावती. इथे आयडीव्ही पुरावा म्हणून दाखवता येतो, पण तो अंतिम शब्द नाही.

प्रतिवादी तिघे करा: चालक, मालक, विमा कंपनी. कारण खासगी कारच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख असली, तरी शंभरेक रुपयांच्या सवलतीसाठी काहींनी ती ६,००० वर आणलेली असते. मग वरचे सगळे मालकाकडूनच वसूल करायचे.

भोंगा
एवढ्या कागदांची थप्पी लावण्यापेक्षा समोरच्याने ६०,००० दिले तर घ्यावेत, या मताचा मी आहे. पण घेण्याची रीत चुकते. तो 'चूक माझी, पैसे देईन' असं कागदावर लिहून देतो, हा खूश होऊन घरी जातो. त्या कागदाने दोघांचं नुकसान. त्याच्या पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही. उद्या त्याने पैसे बुडवले आणि तुम्ही कंपनीकडे वळलात, तर ती हीच अट पुढे करणार.

म्हणून जागेवर मिटवायचं तर पूर्ण रक्कम बँकेतून खात्यावर जमा झाल्यावरच 'पूर्ण व अंतिम' लिहून द्यायचं. हप्ते नाहीत, पुढच्या तारखेचे चेक नाहीत. नाहीतर सरळ कायद्याची वाट. आणि त्याला एक सांगा, थर्ड पार्टी क्लेमने त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न लावल्याबद्दल ओन डॅमेज हप्त्यात मिळणारी सवलत) जात नाही. या भीतीनेच लोक स्वतःच्या कंपनीला कळवायचं टाळतात.

ताळेबंद
बोनसवरून आठवलं, ओन डॅमेजवाल्यांनी हा हिशेब केलाच पाहिजे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम न लावता गाडी विकली तर साठलेल्या ५० टक्के बोनसचं पत्र कंपनीकडून घेऊन तो तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो. क्लेम लावला की शून्य, आणि पुन्हा चढत जातो २०, २५, ३५, ४५ असा. नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता १५,००० आणि तो तसाच राहील असं धरलं, तर पाच वर्षांतला तोटा अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, बेरीज १२५ टक्के. म्हणजे १८,७५०. त्या ६९,००० तून हे वजा करून बघा. नवी गाडी घेणार नसाल तर हा मुद्दा जवळपास गळून पडतो, कारण जुन्या गाडीचा हप्ताच किरकोळ.

स्टेपनी
बोनसचं मान्य. पण मग दोन्हीकडून का घेऊ नये? ओन डॅमेजचे ६९,००० आधी, उरलेल्याचा दावा नंतर.

पंचनामा
चालतं, फक्त न्यायाधिकरणाला मिळालेली रक्कम सांगून. तेच नुकसान दोनदा भरून मिळत नाही, आणि तुमची कंपनीही दिलेले पैसे समोरच्याकडून मागू शकते. मागायचं ते फरकाचं, टोइंगचं, सर्व्हेअरच्या फीचं. पण दुरुस्तीचा खर्च १,१२,००० आणि बाजारभाव वजा भंगार १,०५,००० असेल, तर तिथे १,०५,००० हेच छत. 'माझी गाडी मला प्रिय होती' याला भाव नाही.

भोंगा
आणि ते धूड भंगारवाल्याला देण्याआधी आरसी बुक. गाडी कायमची निकामी झाली तर कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. 'आहे तशी' विकून फॉर्म २९-३० (मालकी बदलाचे अर्ज) न भरणारे बरेच. ती कुठे तरी ठोकठाक होऊन पुन्हा रस्त्यावर येते आणि नोटीस जुन्या मालकाच्या पत्त्यावर. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत असू शकते. मात्र दावा चालू असेल तर सर्व्हेअरची पाहणी झाल्याशिवाय गाडी अजिबात भंगारात देऊ नका.