पाणी २० अंशांच्या वर गेलं की गळ गुंडाळावा का?

गळघालू: जूनअखेरीस अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅडिसन नदीवर होतो, एनिस तलावाच्या खालच्या अंगाला. तलाव उथळ, त्यामुळे खाली येणारं पाणी आधीच तापलेलं. दुपारी एकला मोजलं, २१ अंश. बंदी नव्हती, ‘हूट आउल’ बंदी (दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद) साधारण पाणी सलग तीन दिवस २३ ला टेकलं की लागते. म्हणून गळाला कॅडिस या पाणकिड्याची बनावट माशी लावून टाकली. हातभर रेनबो ट्राउट लागला, चांगला झुंजला आणि सोडल्यावर कुशीवर पडला. तोंड प्रवाहाकडे करून धरून बसलो. कल्ले भात्यासारखे चाललेले. गेला एकदाचा, पण जगला असेल असं छातीठोक सांगवत नाही. कोमट पाण्यात प्राणवायूच कमी. २० नंतर आपणहून थांबावं, नियमाची वाट कशाला बघायची?

लांबदोरी: तुम्ही थांबलात म्हणून नदी गार होणार का? जुलैत तिथल्याच बिग होल नदीचं पाणी कुरणांकडे वळतं, ते बोला. दुपारच्या फेऱ्या गेल्या की गाईडच्या पोटावर पाय.

गळघालू: बिग होलचे शेतकरी ग्रेलिंग माशासाठी नदीत पाणी राखायच्या करारात २००६ पासून आहेत. आपण काय सोडलं? आणि पोटाचं म्हणाल, तर २०१६ च्या ऑगस्टात यलोस्टोन नदीचा १८३ मैलांचा पट्टा बंद पडला, तेव्हा सकाळच्या फेऱ्याही गेल्या.

लांबदोरी: ते परजीवीमुळे हो! मेले ते व्हाइटफिश मासे. त्यात गळाचा काय दोष?

गळघालू: परजीवीच, पण पाणी कमी आणि गरम होतं म्हणून त्याचं फावलं. आधीच गांजलेल्या माशाला वर आपण झुंजवायचं?

मालवणी_तिरफळ: खावचो नाय तर धरतास कित्याक? दमवायचा, फोटो काढायचा, सोडायचा. आमच्याकडे लागला की कालवण.

लांबदोरी: 😄 आणि ब्राउन ट्राउट तर युरोपातून आणलेला, रेनबोही तिथला नव्हे. अस्सल तिथला तो कटथ्रोट ट्राउट. पाहुण्यांसाठी एवढा गळा काढायचा?

गळघालू: पाहुणे खरे, पण १९७४ पासून मोंटानाने केंद्रात पोसलेले ट्राउट नद्यांत सोडणं थांबवलं. आज लागतो तो नदीतच जन्मलेला. मेला तर वरून भर पडत नाही. पहाटे पाचला जा ना, पाणी तेव्हा सगळ्यात गार.

लांबदोरी: मी जाईन हो. गिऱ्हाईक नऊच्या आधी हॉटेलातून हलत नाही.