गॅदरिंगच्या स्टेजवर फुग्यांचा बर्फ कसा दाखवायचा?

झेडपी_मॅडम
नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जि.प. शाळेवर आहे. जानेवारीत गॅदरिंग आहे, चौथीच्या पोरींनी काश्मीरचा डान्स घेतलाय आणि मागं सगळा बर्फच पाहिजे म्हणून हटून बसल्यात. थर्माकोल नाही आणायचं, १ जुलै २०२२ पासून डेकोरेशनच्या थर्माकोलवर देशभर बंदीच आहे. म्हणून फुगे. पण नुसते पांढरे फुगे लावले की बारसं वाटते हो, बर्फ कुठून वाटणार. स्टेज उघड्यावर, कार्यक्रम संध्याकाळी सातला, बजेट म्हणजे वर्गणी, समजून घ्या. कोणी केलं असेल तर सांगा.

फुगेवाला_आर्वी
मॅडम, हेच काम करतो मी. पहिले पडदा पाहा, बिछायतवाल्याकडून गडद निळा कापड घ्या, पांढऱ्यावर पांढरा फुगा दिसतच नाही. मग पांढरे जास्त, त्यात थोडे ट्रान्सपरंट, थोडे फिक्के निळे, सिल्व्हर अगदी मोजके. साइज मिसळा, ५ इंची, १० इंची, १८ इंची, एकसारखे लावले तर विटा रचल्यासारखं दिसते. दोन फुगे तोंडाला तोंड बांधायचे, अशा दोन जोड्या एकमेकीत पीळ देऊन अडकवल्या की चारचा गुच्छ होते, ते गुच्छ तंगूसवर (नायलॉनच्या पक्क्या दोऱ्यावर) ओवत जायचं अन् फटीत ५ इंची घुसवायचे. १० इंची फुगा पूर्ण भरू नका, ८-९ वर थांबा. खोक्याला तेवढं गोल भोक पाडा, त्यातून गेला तो बरोबर, पोरं पण करतात हे काम. सकाळच्या गारठ्यात टाईट भरलेला फुगा दुपारच्या उन्हात फुटते, आतली हवा तापून पसरते ना. त्यामुळं भरणं वर्गात, स्टेजवर लावणं दिवस कलल्यावर.

कास्तकार_पोट्टा
मॅडम तुमी यवतमाळात राहून बर्फ काहून इकत घेऊन राहिल्या 😂 बांधावर पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) पडली असन, आना, चुना मारा, झालं बिनपानाचं झाड. त्याले ५ इंची फुगे बांधा, पण टोकं टोचतेत, एकेका टोकाले रुई गुंडाळा नाहीतर फटाके सुरू. रुई गादीवाल्याकडचीच घ्या, घरचा कापूस नोका आनू, त्यात सरकी, पातेरा, कवडीचा (किडका) तं पिवळा दिसते अन् पोरींच्या अंगाले खाज सुटन ते वेगळंच. आनखी एक, फुगा कोरड्या केसाले घासा अन् रुईचे बारीक तंतू जवळ न्या, आपोआप चिकटते, थंडीत हवा कोरडी राहते तं लय मस्त जमते.

फौजी_पुसद
काश्मीरला ड्युटी केली आहे म्हणून सांगतो, बर्फ सगळीकडं सारखा नसतो. तो फांदीच्या वरच्या अंगाला बसतो, खालचं लाकूड काळंच दिसते. चुना आणि रुई फक्त वरून लावा, खालून पऱ्हाटी तशीच ठेवा, लांबून एकदम खरं वाटेल. चिनार दाखवू नका, त्याची पानं तोवर झडून गेलेली असतात. देवदार हिरवे असतात, हिरव्या फुग्यांचे दोन झाडं करा, वर पांढरे.

झेडपी_मॅडम
अरे वा, वरच्या अंगाला हे डोक्यातच नव्हतं. गावात गादीवाला आहे, पऱ्हाटीचं तर विचारूच नका. आता स्नोमॅन कसा उभा करायचा? आणि जत्रेतले गॅसचे फुगे आणून वर सोडले तर?

सीमा_वर्धा
ताई गॅसचे अजिबात नको!! जत्रेतल्या फुग्यात बरेचदा हायड्रोजन असतो, ठिणगी लागली की पेट घेतो, पोरांच्या तोंडाजवळ कशाला ते. तसंही बर्फ खाली पडतो हो, वर नाही जात 😄 ५ इंची पांढरे फुगे गडद निळ्या दोऱ्यानं कमीजास्त उंचीवर सोडा, वाऱ्यानं हलतात, मागं निळा पडदा असला की दोरा दिसत पण नाही. आणि वाढदिवसाला मारतात तो स्नो स्प्रे पण नको, बहुतेक पेट घेणारे असतात. रुई हॅलोजनपासून लांब, एलईडीच वापरा.

फुगेवाला_आर्वी
स्नोमॅन सोपा आहे. खाली १८ इंची, वर १२ इंची, पोटाखाली छोट्या फुग्यात पाणी भरून बांधा म्हणजे वजन राहते, तरी उघड्यावर वारा असते, मागून बांबूला बांधून टाका. नाक नारंगी लांब फुग्याचं, चार बोटं भरून गाठ. डोळे काळ्या कार्डशीटचे, डबल टेपनं. हातपंप दोन आणजा, लाइटचा भरवसा नाही.