विषय: पहिली दुर्बीण आणि माउंट – आकाशाच्या फोटोंसाठी काय घ्यावं?

मिल्पिटासहून (कॅलिफोर्निया), शुक्रवार रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कार्यक्रमात दोघातिघांशी ओझरतं बोलणं झालं होतं, तेच नीट विचारते. माझी लेक दहावीत आहे. उन्हाळ्यात योसेमिटीला तिने आकाशगंगा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली आणि तेव्हापासून तिला आकाशाचे फोटो काढायचे आहेत. सगळ्यात आधी देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलॅक्सी) हवी आहे.

घरात कॅननचा 24 मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे, एक साधी लेन्स आणि एक 70-300 ची. खर्चाची तयारी दीड हजार डॉलरपर्यंत. मी आठ इंची दुर्बीण पाहून ठेवली आहे, 2000 मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंथ), एका हातावर बसवलेली, तारे स्वतः शोधणारी. मोठी दुर्बीण घेतली तर फोटोही चांगला येईल, असा माझा अंदाज. रविवारी मागवणार आहे, तेवढ्यात कुणी सांगू शकेल का?

*

सॅन होजेहून, शनिवार सकाळी

ताई,

मागवू नका, थोडं थांबा. दुर्बीण चांगली आहे. शनीची कडी, गुरूचे पट्टे, चंद्रावरची विवरं डोळ्यांनी पाहायला ती उत्तम. पण देवयानीच्या फोटोसाठी ती चुकीची आहे. मी अशाच दुर्बिणीने सुरुवात केली होती. दोन वर्षांत मनासारखा एकही फोटो आला नाही आणि आपल्याला हे जमण्यातलं नाही, असं मला वाटायला लागलं होतं. तुमच्या लेकीला तसं वाटू नये, म्हणून लांबलचक लिहितो.

आधी चौकट बघा. तुमच्या कॅमेऱ्याला 2000 मिलिमीटरमधून आकाशाचा जेमतेम 0.64 बाय 0.43 अंशाचा तुकडा दिसेल. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे तोसुद्धा पुरता मावणार नाही. देवयानी तर तीन अंश लांब पसरलेली आहे. तुमच्या त्या 70-300 च्या लेन्सवर 200 ला ठेवलंत की चौकट 6.4 बाय 4.3 अंशांची होते आणि देवयानी आजूबाजूच्या ताऱ्यांसकट ऐसपैस बसते.

आता खरी गोष्ट, माउंट, म्हणजे दुर्बीण किंवा कॅमेरा धरून फिरवणारी बैठक. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला 15 विकलांनी सरकतं (एका अंशात 3600 विकला). साध्या 50 च्या लेन्सवर हे सरकणं तुमच्या कॅमेऱ्यात सेकंदाला एक पिक्सेल भरतं. 2000 वर तेच जवळजवळ 40 पिक्सेल! म्हणजे माउंटमधली बारीकशी चूक, वाऱ्याची एक झुळूक, अंगणात कुणाचं पाऊल पडलं तरी ते फोटोत चाळीसपट मोठं होऊन उमटतं. या कामात पैसे आधी माउंटवर घालायचे, उरतील ते काचेवर. माझं हे मत इतक्या वर्षांत तसूभरही बदललेलं नाही.

माउंटचा प्रकारही महत्त्वाचा. तुम्ही पाहिलेला एका हाताचा माउंट वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो. तो तारा मध्यभागी धरून ठेवतो, पण बाकीचं चित्र त्या ताऱ्याभोवती हळूहळू गोल फिरत राहतं. काही सेकंदांच्या फोटोत कळत नाही, मिनिटाच्या फोटोत कडेचे तारे कमानीसारखे ओढले जातात. इक्वेटोरियल माउंट वेगळा. घरातलं जातं आठवा. वरची तळी खुंट्याभोवती फिरते. इथे तो खुंटा तिरका करून ध्रुवाकडे रोखायचा, की सगळं आकाश त्याच एका खुंट्याभोवती फिरतं आणि माउंटला एकाच अक्षावर, एकाच संथ गतीने फिरावं लागतं. चित्र वळत नाही.

तुमच्या पैशांत बसणारा आणि मी मुलांच्या हाती निर्धास्त देईन असा माउंट म्हणजे स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर जीटीआय. तो 5 किलो पेलतो असं म्हणतात. फोटोसाठी त्यातले तीनच धरा, बाकीचे नाहीतच असं समजा. तिपाईसकट तुमचे निम्मे-अर्धे पैसे त्यात जातील. उरलेले आत्ता खर्चू नका. दोन महिने घरच्याच लेन्सवर फोटो काढू दे. मग तिला स्वतःलाच कळेल काय कमी पडतंय. तेव्हा 50-60 मिलिमीटर तोंडाची, 250 ते 350 नाभीय अंतराची छोटी भिंगाची दुर्बीण घ्या. दीड-दोन किलोची असते, या माउंटवर आरामात बसते.

*

सनीव्हेलहून, शनिवार दुपारी

काकांचं सगळं पटलं, पण एक दुसरी बाजू मांडते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, पदरात दोन लहान मुलं. ध्रुवाकडे माउंट रोखणं, वायरी जोडणं, हे रोज रात्री मला जमलं नसतं. मी सीस्टार एस50 घेतला. 50 मिलिमीटरची दुर्बीण, कॅमेरा आणि माउंट असं सगळं एकाच डब्यात, वजन अडीच किलोच्या आसपास. गॅलरीत ठेवायचा, फोनवर नाव निवडायचं. तो दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून आपोआप एकावर एक रचत जातो, त्यामुळे ते चित्र वळण्याचं दुखणंही फारसं जाणवत नाही. मृगातला तेजोमेघ फोनवर हळूहळू उमलताना आमच्या सासूबाईंनी पाहिला, तेव्हा त्या खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हत्या.

ताई, मी घेतला तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास काम झालं. पण हेही सांगते, देवयानी त्याच्या चौकटीत एका वेळी मावत नाही, तुकडे जोडून घ्यावी लागते.

*

मिल्पिटासहून, रविवार सकाळी

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री लेकीला दोन्ही मेल वाचून दाखवले. ती म्हणते, “मला तो फोटो स्वतः बनवायचाय.” म्हणजे बहुतेक काकांचा मार्ग.

पण दोन अडचणी. आमच्या मागच्या अंगणातून उत्तरेला शेजाऱ्यांचं मोठं रेडवुड आहे, ध्रुव दिसतच नाही. आणि इथल्या दिव्यांच्या उजेडात काही येईल का? ते उजेड कापणारं फिल्टर घ्यावं का?

*

सॅन होजेहून, रविवार संध्याकाळी

ताई, लेकीला शाबासकी सांगा. सीस्टारबद्दल सनीव्हेलच्या ताईंनी लिहिलं ते खरंच आहे. घरातल्या सगळ्यांना आकाश दाखवायचं असेल तर मीही तोच सुचवेन. पण जिला घडवायचं आहे तिने घडवावं.

ध्रुवाचं आधी. इथून तो साधारण साडेसदतीस अंशांवर असतो. पुण्यात साडेअठरावर, तिथे समोरची एखादी इमारतसुद्धा त्याला झाकून टाकते. आणि खुद्द ध्रुवतारा आकाशाच्या ध्रुवावर नेमका नाही, चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच बाजूला आहे. म्हणून माउंटमधल्या छोट्या दुर्बिणीत तो मध्यावर न आणता वर्तुळावर ठरलेल्या जागी ठेवायचा असतो. रेडवुड आड येत असेल तर लॅपटॉपवर एन.आय.एन.ए. हा फुकट प्रोग्राम घ्या. त्यात आकाशाचे तीन ठिकाणचे फोटो काढून, तारे ओळखून, खुंटा किती चुकलाय ते सांगणारी जोड (प्लगइन) मिळते. ध्रुव दिसावा लागत नाही. दोन-तीन रात्रींत हात बसेल.

उजेडाचं दुःख मोठं आहे. हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा आहे, तिथली 36 इंची भिंगाची दुर्बीण 1888 पासूनची. त्या वेधशाळेसाठी सॅन होजेने कित्येक वर्षं रस्त्यांवर कमी दाबाचे पिवळे सोडियम दिवे ठेवले होते. त्यांचा प्रकाश जवळजवळ एकाच रंगाचा, तेवढा गाळला की आकाश परत मिळायचं. आता एलईडी आले, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला. म्हणून ‘शहरी उजेड कापणारं’ असं लिहिलेलं फिल्टर देवयानीवर फारसं चालत नाही, कारण तिचा स्वतःचा प्रकाशही सगळ्या रंगांतलाच, ताऱ्यांचा. लाल तेजोमेघांचं वेगळं. ते 656 नॅनोमीटरच्या हायड्रोजनच्या रेषेत चमकतात आणि तेवढीच रेषा आत सोडणारं फिल्टर तिथे कामी येतं. पण साधा कॅमेरा नेमका तोच लाल रंग बराचसा अडवतो. म्हणून सध्या फिल्टर नको. पेट्रोलवर खर्च करा.

अंगणात सराव, खरा फोटो अंधारात. सॅन हुआन बाउटिस्टाच्या वर फ्रीमॉन्ट पीक आहे, तुमच्याकडून दीड तास धरा. खालच्या खोऱ्यात समुद्राचं धुकं भरलं की गावांचे दिवे त्याखाली झाकले जातात आणि वरचं आकाश एकदम काळंभोर होतं. मी ते पाहिलं आहे, तुम्हीही पाहाल.

पहिल्या रात्रीचे आकडे देऊन ठेवतो: लेन्स 200 वर, एफ/5.6, आयएसओ 1600, एकेक फोटो 60 सेकंदांचा, असे 120. शंभर फोटो एकत्र केले की फोटोतली दाणेदार खरखर दहापट कमी होते, त्यामुळे संख्येत कंजुषी नको. फोकस तेजस्वी ताऱ्यावर स्क्रीन मोठी करून हाताने, आणि मग लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी. रात्री शेवटी झाकण लावून त्याच 60 सेकंदांचे वीसेक काळे फोटो, कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके वजा करायला. निघण्याआधी पहाटेच्या उजळत्या आकाशाकडे लेन्स रोखून, तोंडावर पांढरं सुती कापड ताणून आणखी वीस, कडांचा काळेपणा आणि धुळीचे डाग काढायला. हे वीस घेईपर्यंत फोकस आणि कॅमेरा हलवायचा नाही. घरी आल्यावर हे सगळे फोटो एकत्र करायला सिरिल नावाचा प्रोग्राम, तोही फुकट. एक वस्तू मात्र विसरू नका: लेन्सभोवती गुंडाळायचा गरम पट्टा. इथे मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि पुढची काच कधी धुरकट झाली ते कळतही नाही.

तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात आहेतच. आपल्याला अमावास्या हवी. कोजागिरीला दीर्घिका दिसायची नाही, पण त्या रात्री मंडळाच्या दुधाला माझी आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची दुर्बीण) घेऊन येतो. सगळ्या मुलांना शनी दाखवू. लक्ष्मीपूजन अमावास्येचं. त्याच्या आधीच्या शनिवारी रात्री जाऊ. पहाटे चंद्राची कोर उगवेपर्यंत रात्र काळीच राहील, आणि देवयानी संध्याकाळीच वर आलेली असेल. तुम्ही दोघी फ्रीमॉन्ट पीकला येणार असाल तर माझी गाडी रिकामीच आहे.

*

मिल्पिटासहून, रविवार रात्री

काका, येतो दोघी. माउंट मागवला, आठ इंची यादीतून काढली. लेक विचारते आहे, वजनं लावून माउंट तोलायचा सराव अंगणात दिवसा केला तर चालेल ना? चकल्या आणि थर्मासभर चहा माझ्याकडे.

*

सॅन होजेहून, रविवार रात्री

दिवसाच करा. अंधारात पहिल्यांदा करू नका. आणि येताना एक लाल बॅटरी घ्या, पांढरी नको.